चाळीस किलोची बॅग आणि एक हुक

आमच्या शाळेतल्या एका बाईंची मुलगी आणि मुलगा, दोघेही कॉलेजात शिकतात. दोघांनाही बॉक्सिंगचे वेड. सुट्टीत घरीच सराव करता यावा म्हणून त्यांनी चाळीस किलोची पंचिंग बॅग आणली आणि ती घराच्या गॅरेजमध्ये टांगली. गॅरेज साधेच आहे. दोन बाजूंना नऊ इंची विटांच्या भिंती, वर गच्चीचा स्लॅब, पुढे शटर. स्लॅबला ड्रिलने भोक पाडले, त्यात प्लॅस्टिकचा प्लग ठोकला, प्लगमध्ये हुक पिळला आणि हुकाला साखळी अडकवली. हुक घेताना दुकानदाराने सांगितले होते, "शंभर किलो आरामात घेईल." बॅग टांगल्यावर मुलगा स्वतः तिला लोंबकळला. काही झाले नाही. सगळे निर्धास्त झाले.

नवव्या दिवशी संध्याकाळी बॅग खाली आली. हुक, प्लग आणि तळहाताएवढी गिलाव्याची खपली यांच्यासकट! मुलगी पाणी प्यायला नुकतीच बाजूला झाली होती आणि बॅग अजून झुलत होती, म्हणून निभावले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो हुक रुमालात बांधून शिक्षकखोलीत आणला आणि आमच्यापुढे दोन प्रश्न टाकले. पहिला, शंभर किलो पेलणारा हुक चाळीस किलोला कसा सुटला? आणि दुसरा, आमच्या गावच्या घरी ओटीवर झोपाळा आहे, त्यावर एका वेळी चार-चार माणसे बसतात. त्याच्या कड्या दोन पिढ्यांत जागच्या हललेल्या नाहीत. मग ही चाळीस किलोची बॅग त्याहून जड झाली की काय?

आम्ही विज्ञान, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण शिकवणारे तिघे जण या प्रश्नांच्या मागे लागलो. काही उत्तरे पाठ्यपुस्तकातच होती. काहींसाठी दोरा, दगड, खडू आणि फूटपट्टी घेऊन बसावे लागले. ती सर्व हकीकत येथे देत आहोत. यातले बहुतेक प्रयोग वर्गात करता येतील.

आधी हुकाची तपासणी

हुक मोडलेला नव्हता. वाकलेलाही फारसा नव्हता. म्हणजे लोखंडाने हार खाल्ली नव्हती. प्लग मात्र गुळगुळीत झाला होता आणि त्याच्या खाचांत पांढरी भुकटी भरली होती. संध्याकाळी आम्ही गॅरेजमध्ये जाऊन शिडीवरून भोक पाहिले. दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली म्हणजे, भोकाचे तोंड गोल राहिले नव्हते, लंबगोल झाले होते. दुसरी म्हणजे, पाच सेंटीमीटर लांबीच्या प्लगपैकी जवळजवळ दोन सेंटीमीटर भाग नुसत्या गिलाव्यात होता. काँक्रीटमध्ये शिरलेला भाग तीन सेंटीमीटरच काय तो.

लंबगोल भोक बरेच काही सांगते. वजन सरळ खाली ओढत राहिले असते, तर भोक लंबगोल कशाला झाले असते? हुकाला कोणीतरी सतत इकडून तिकडे हलवत होते.

बॅग स्थिर असते तेव्हा

बॅग नुसती टांगलेली असताना साखळीतला ताण बॅगेच्या वजनाएवढा, म्हणजे चाळीस किलो. (सोयीसाठी या लेखात बलही किलोतच सांगू. न्यूटनमध्ये हवे असेल तर ९.८ ने गुणावे, म्हणजे येथे सुमारे ३९२ न्यूटन.) दुकानदाराचे 'शंभर किलो' हे अशाच शांत, सरळ आणि स्थिर ओढीबद्दल होते. आपण बाजारात 'किती किलो घेईल?' असे विचारतो तेव्हा वजन हलणार नाही असे न बोलता धरून चालतो. पंचिंग बॅग तर हलण्यासाठीच टांगलेली असते.

बॅग झुलते तेव्हा

ताणकाट्याच्या हुकाला दोरीने अर्धा किलोचा दगड बांधा आणि काटा वरून घट्ट धरा. काटा ५०० ग्रॅम दाखवील. आता दगड बाजूला ओढून सोडा. दगड सर्वांत खालच्या बिंदूतून जाताना काटा पाहा. तो ५०० च्या पुढे जातो! दगड दोन्ही टोकांना असताना मात्र काटा ५०० च्या खाली येतो.

असे का होते? खालच्या बिंदूपाशी दगड वर्तुळाकार मार्गाने जात असतो. त्याला त्या मार्गावर ठेवण्यासाठी केंद्राकडे ओढणारे जादा बल लागते आणि ते दोरीलाच पुरवावे लागते. वस्तू जितक्या जास्त कोनातून सोडली तितका तिचा खालच्या बिंदूपाशी वेग जास्त आणि ताणही जास्त. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून पुढील सूत्र स्वतः काढून पाहावे :

खालच्या बिंदूपाशी ताण = वजन × (३ − २ × कोनाचा कोसाइन)

येथे कोन म्हणजे उभ्या रेषेपासून दोरी जितकी बाजूला गेली तो. यावरून चाळीस किलोच्या बॅगेसाठी हिशेब केला तर १५ अंशांना सुमारे ४३ किलो, ३० अंशांना ५१ किलो, ४५ अंशांना ६३ किलो आणि ६० अंशांना ८० किलो ताण येतो. बॅग पार आडवी होऊन, म्हणजे ९० अंशांतून, सुटली तर १२० किलो!

पण सरावात बॅग ३० अंशांच्या पलीकडे क्वचितच जाते. म्हणजे झुलण्यामुळे ताण सव्वापटच झाला. शंभर किलोचा हुक एवढ्याने सुटायला नको होता. दोषी कोणीतरी दुसराच असला पाहिजे.

झटका

मुलांना विचारल्यावर कळले की खालून वर असा ठोसा मारला की बॅग किंचित उचलली जाते, साखळी क्षणभर सैल पडते आणि मग 'खट्' असा आवाज येतो. हाच तो दोषी.

हा प्रयोग जरूर करून पाहा. शिवणकामाचा दोरा सुमारे एक हात लांब घ्या. त्याला पिशवी बांधून हळूहळू वजन वाढवत जा आणि दोरा किती वजनाला तुटतो ते पाहा. आता नवा दोरा घेऊन त्याला त्याच्या निम्मेच वजन बांधा. दोरा हे वजन खुशाल पेलतो. मग वजन हाताने वर, दोरा बांधलेल्या खिळ्यापर्यंत उचला आणि सोडून द्या. दोरा तटकन तुटेल. (खाली जुनी गादी किंवा वाळूची पाटी ठेवा. पाय लांब ठेवा!) तिसऱ्या वेळी दोरा आणि वजन यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंदीची लांब पट्टी बांधा आणि पुन्हा सोडा. या वेळी बहुधा दोरा वाचतो.

वजन तेच, उंची तीच, दोराही तोच. मग फरक कशाने पडला? वजन थांबायला किती अंतर मिळाले याने. पडणाऱ्या वस्तूने मिळवलेली ऊर्जा थांबताना खर्च व्हावी लागते. ती ऊर्जा म्हणजे बल गुणिले थांबण्याचे अंतर. अंतर लहान असले की बल मोठे होणारच. झेल घेताना आपण हात मागे नेतो ते याचसाठी. थांबवणारे सरासरी बल असे काढता येते :

सरासरी बल = वजन × (पडण्याचे अंतर + थांबण्याचे अंतर) ÷ थांबण्याचे अंतर

समजा, ठोशाने बॅग दोनच सेंटीमीटर उचलली गेली आणि साखळी ताठ झाल्यावर अर्ध्या सेंटीमीटरात थांबली. लोखंडी साखळी आणि काँक्रीटचा स्लॅब यांत लवचीकपणा असतोच किती? तर सरासरी बल वजनाच्या पाचपट, म्हणजे २०० किलो. स्प्रिंगसारख्या ताणल्या जाणाऱ्या वस्तूत बल शून्यापासून वाढत जाते. त्यामुळे सर्वांत मोठे बल सरासरीच्या सुमारे दुप्पट, म्हणजे ४०० किलोच्या घरात जाते. हिशेब ढोबळ आहे, पण चित्र स्पष्ट आहे. चाळीस किलोची बॅग क्षणभर चारशे किलोची होते!

आता साखळीच्या वर एक दणकट स्प्रिंग घातली आणि बॅगेला थांबायला चार सेंटीमीटर मिळाले असे धरू. सरासरी बल दीडपट, म्हणजे ६० किलो होते आणि सर्वांत मोठे बल १२० किलोच्या आसपास राहते. हुकावरचा झटका एका स्प्रिंगने तिपटीहून अधिक कमी केला. क्रीडासाहित्याच्या दुकानात बॅगेसाठी अशी स्प्रिंग मिळते. आपण तिला चैनीची वस्तू समजून सोडून देतो.

बाईंच्या मुलाने लोंबकळून पाहिले होते त्याचे काय? तो साठ किलोचा मुलगा हळूच लोंबकळला होता. त्याने फक्त स्थिर भाराची परीक्षा घेतली. झटक्याची परीक्षा झालीच नव्हती.

आडवी ओढ

लंबगोल भोकाचे कोडे आता सुटते. बॅग ३० अंशांनी बाजूला जाते तेव्हा साखळी हुकाला खालीच नव्हे, तर आडवेही ओढते. बॅग टोकाला क्षणभर थांबलेली असताना ही आडवी ओढ सुमारे १७ किलो भरते. ओढ आज या बाजूला, पुढच्या क्षणी त्या बाजूला. एका तासाच्या सरावात असे शेकडो हेलकावे होतात.

भिंतीतला घट्ट खिळा आपण कसा काढतो? सरळ ओढून तो निघत नाही. त्याला पकडीने इकडेतिकडे हलवतो, भोक सैल होते आणि खिळा हातात येतो. मुलांनी नऊ दिवस नेमके हेच केले होते, फक्त पकडीऐवजी चाळीस किलोची बॅग होती! प्लग केवळ घर्षणाने धरलेला असतो. भोक सैल झाले की घर्षण संपले. शिवाय हुकाची दांडी गिलाव्याबाहेर जितकी लांब तितकी ती तरफेसारखी भोकाच्या तोंडावर जास्त जोर लावते.

दोन हुक लावले तर भार निम्मा होईल?

हा सल्ला आम्हालाही एकाने दिला. दोन हुक जवळजवळ असतील आणि साखळ्या जवळजवळ उभ्या असतील तर तो बरोबर आहे. पण हुक एकमेकांपासून दूर लावले आणि साखळ्या पसरट झाल्या तर? प्रत्येक साखळी उभ्या रेषेपासून ६० अंशांवर असेल तर प्रत्येकीत ताण पुन्हा पूर्ण चाळीस किलो. ७५ अंशांवर असेल तर ७७ किलो! कपडे वाळत घालायची तार फार ताठ बांधली की थोड्याशा ओल्या कपड्यांनीही खुंटी का उपटते, याचे उत्तर यातच आहे. त्यातून ही ओढ जवळजवळ आडवी, म्हणजे हुकाला सर्वांत न मानवणारी. दोन मुलांना दोरीच्या मधोमध दप्तर टांगून दोन्ही टोके ओढायला लावा. दोरी अगदी सरळ करा म्हणावे. कितीही जोर लावला तरी ती पूर्ण सरळ होत नाही.

काँक्रीट कशाला घाबरते?

नवा खडू घ्या. त्याला दोन्ही टोकांनी सरळ दाबून पाहा. सहसा मोडत नाही. मग दोन्ही हातांनी किंचित वाकवा. लगेच दोन तुकडे! वाकवताना खडूची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते. भेग ताणलेल्या बाजूने सुरू होते. काँक्रीटचा स्वभाव असाच आहे. दाब सोसण्याची त्याची ताकद मोठी, पण ताण सोसण्याची तिच्या सुमारे एक दशांशच. म्हणून तर त्यात सळया घालतात. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबच्या मध्यभागी खालची बाजू ताणलेली असते. सळया तेथेच, तळापासून दोन-अडीच सेंटीमीटरवर असतात आणि काँक्रीटला केसासारख्या भेगाही तेथेच पडतात. आपण भोक पाडतो तेही तेथेच!

प्लगपेक्षा लोखंडी अँकर फास्टनर पुष्कळ चांगला. नट आवळला की त्याची नळी आत फुगते आणि काँक्रीटला घट्ट धरते. तो उपटायचा तर सभोवतालचा काँक्रीटचा शंकू सोबत ओढावा लागतो. अँकर जितका खोल तितका हा शंकू मोठा. म्हणून गिलाव्यातली लांबी हिशेबात धरायची नसते. दोन अँकर फार जवळ घेतले किंवा अँकर बीमच्या कडेला लावला तर शंकू अपुरा पडतो. चांगला, खोल बसवलेला अँकरही रोजच्या हादऱ्यांनी ढिला होऊ शकतो, म्हणून त्याचे नट पुन्हा पुन्हा तपासावे लागतात.

काही जण भोकात रासायनिक लुकण भरून बोल्ट चिकटवतात. योग्य लुकण योग्य रीतीने वापरले तर ही पद्धत मजबूत आहे. पण वर टांगायच्या वस्तूंबाबत एक घटना ध्यानात ठेवावी. अमेरिकेतील बोस्टन शहरात १० जुलै २००६ रोजी एका रस्त्याच्या बोगद्यातील छताचे काँक्रीटचे तक्ते एका मोटारीवर कोसळले आणि एका स्त्रीचा मृत्यू झाला. हे तक्ते ज्या बोल्टांवर टांगलेले होते ते बोल्ट वरच्या काँक्रीटमध्ये इपॉक्सीने चिकटवलेले होते. चौकशीत असे दिसून आले की वापरलेले इपॉक्सी चटकन घट्ट होणाऱ्या जातीचे होते. थोडा वेळ ओढून पाहिले तर ते पुरेसे मजबूत, पण सतत ओढत राहिले की हळूहळू लांबत जाणारे. बोल्ट कणाकणाने खाली सरकत राहिले आणि शेवटी निसटले. जड भाजीची प्लॅस्टिकची पिशवी खिळ्याला टांगून ठेवली की तिचे बंद दुसऱ्या दिवसापर्यंत लांबलेले दिसतात. तोच हा प्रकार. आज टिकले म्हणजे कायम टिकेल, असे अशा वेळी म्हणता येत नाही.

फूटपट्टी आणि तुळई

फूटपट्टीची दोन टोके दोन पुस्तकांवर आडवी टेकवा आणि मध्ये बोटाने दाबा. ती सहज वाकते. आता तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबा. जवळजवळ वाकतच नाही. पट्टी तीन मिलिमीटर जाड आणि तीन सेंटीमीटर रुंद असेल तर उभी पट्टी आडव्या पट्टीपेक्षा शंभरपट ताठ आणि दहापट मजबूत असते. रुंदी दुप्पट केली तर तुळईची ताकद दुप्पट होते, पण उंची दुप्पट केली तर चौपट. हा नियम गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला होता. आपल्या सुतारांनाही तो अनुभवाने ठाऊक असतो. तुळई नेहमी उभी ठेवतात ती म्हणूनच.

वाकणाऱ्या तुळईत वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधला थर जवळजवळ मोकळा असतो. भोक पाडायचेच असेल तर ते या मधल्या थरात, आरपार आडवे पाडावे. खालच्या बाजूने जाड स्क्रू पिळणे म्हणजे सर्वांत जास्त कष्ट करणाऱ्या थरालाच जखम करणे. शिवाय त्या स्क्रूला लाकडाच्या आट्यांखेरीज कोणाचाच आधार नसतो.

झोपाळ्याने दिलेले उत्तर

आता बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी गावच्या झोपाळ्याच्या कड्यांची माहिती आणली. कडीची दांडी सागवानी तुळईतून आरपार गेलेली आहे. वर तिला रुंद लोखंडी चकती असून चकतीवर दांडीचे टोक ठोकून पसरवलेले आहे. म्हणजे झोपाळा तुळईला चिकटलेला किंवा तिच्यात रुतलेला नाही. तो तुळईच्या पाठीवर बसलेला आहे! कडी सुटायची तर अख्खी तुळई चिरून खाली यावी लागेल. भार चकतीवरून तुळईवर, तुळईवरून भिंतीवर आणि भिंतीवरून जमिनीवर जातो. या वाटेत घर्षणाच्या भरवशावर सोडलेले एकही ठिकाण नाही.

तुळई मात्र जाड आणि उंच होती. तळातून वर गेलेले एक भोक तिला जाणवण्यासारखे नव्हते. दुसरे म्हणजे झोपाळ्याच्या सळया कधी सैल पडत नाहीत. झोपाळा झुलतो, पण उडत नाही. म्हणून त्याला झटका नसतो. शिवाय कडीत कडी फिरते, त्यामुळे आडवी ओढ दांडीला फारशी वाकवत नाही. चार माणसांचा झोपाळा म्हणजे अडीचशे किलो भार, पण तो शांत भार आहे. चाळीस किलोची बॅग त्याहून जड नव्हती, तिचा भार मात्र शांत नव्हता. आणि आपण तिला दिला होता तीन सेंटीमीटर काँक्रीटमधला प्लॅस्टिकचा प्लग.

शेवटी आम्ही काय केले

झोपाळ्याचीच युक्ती गॅरेजमध्ये कशी वापरायची? स्लॅबला आरपार भोक पाडून गच्चीवर पोलादी चकती ठेवता आली असती. पण सळई कापली जाण्याची भीती होती आणि पावसाळ्यात तेथून पाणी गळले असते. म्हणून आम्ही स्लॅबला हातच लावायचा नाही असे ठरवले. दोन भिंतींमधले अंतर २.४ मीटर होते. ७५ मिलिमीटर उंचीचे दोन लोखंडी चॅनेल पाठीला पाठ करून, मध्ये बोटभर फट ठेवून, फॅब्रिकेटरकडून जोडून घेतले. गवंड्याने दोन्ही भिंतींत खाचा घेऊन तळाला काँक्रीटचे ठोकळे बसवले आणि त्यांवर ही जोडी स्लॅबच्या खाली टेकवून पक्की केली.

मजबुतीचा हिशेब असा केला. झटक्याचे चारशे किलो, म्हणजे सुमारे ४००० न्यूटन, मध्यभागी धरले. तेव्हा वाकवणारे आघूर्ण ४००० × २.४ ÷ ४ = २४०० न्यूटन-मीटर. दोन चॅनेलांचा छेद-गुणांक तक्त्यावरून सुमारे ४० घन सेंटीमीटर. दोन्हींचा भागाकार केला तर पोलादातले प्रतिबल येते ६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. साधे पोलाद सुमारे २५० ला कायमचे वाकू लागते. म्हणजे चौपट मोकळीक राहिली. पुढे स्प्रिंगही बसवली, तेव्हा चारशे किलोची वेळ येऊच नये. तरी हिशेब स्प्रिंग नाही असे धरूनच केला, कारण स्प्रिंग कधीतरी तुटू शकते.

फटीतून एक जाड आय बोल्ट वर काढला, चॅनेलांवर पोलादी चकती ठेवली आणि वर दोन नट आवळले, एक भार घ्यायला आणि दुसरा पहिला ढिला होऊ नये म्हणून. उघड्या हुकाऐवजी बंद कडी आणि पिनचे शॅकल वापरले, कारण साखळी सैल पडली की ती उघड्या हुकातून निसटू शकते. स्प्रिंगच्या बाजूने एक सैल साखळी ठेवली. स्प्रिंग तुटली तर बॅग तिच्यावर अडेल. बॅगेभोवती सर्व बाजूंनी मीटरभर मोकळी जागा ठेवली. बॅगेत तळाला दडपून बसलेली वाळू काढून तिच्या जागी कापडाच्या चिंध्या भरल्या. बॅग हलकी झाली आणि मनगटांनाही बरे पडले. ठोसा थांबण्याचे अंतर वाढले की मनगटावरचे बल कमी होते. झटक्याचे सूत्र हाताच्या हाडांनाही लागू आहे.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलगी स्वतः शिडीवर चढून नट तपासते, कडीला तेल घालते आणि कडी झिजली आहे का ते पाहते. कडीची जाडी मोजून तिने भिंतीवर पेन्सिलीने तारीख घालून लिहून ठेवली आहे.

ज्यांच्या घराला पत्र्याचे छप्पर आहे त्यांच्यासाठी एक सूचना. पत्र्याखालचे अँगल पत्रा आणि वारा यांच्या हिशेबाने घातलेले असतात, त्यांना बॅग टांगू नये. कैचीला टांगणे अटळ असेल तर सांध्यापाशी टांगावे, दांडीच्या मधोमध नव्हे. पण जमिनीवर उभी राहणारी स्वतंत्र लोखंडी चौकट करून घेणे सर्वांत चांगले. आणि आमचे हे गॅरेज पाहून कोणी तसेच्या तसे करू नये. भिंती आणि स्लॅब प्रत्येक घराचे वेगळे असतात. ते एकदा जाणत्या इंजिनिअरला दाखवावेत.

वर्गासाठी

हा धडा गॅरेजपुरता नाही. पंखा, घंटा, मैदानावरचा झोका, चढायचा दोर, बास्केटबॉलची फळी, अशा कितीतरी वस्तू शाळेत मुलांच्या डोक्यावर टांगलेल्या असतात. आठवी ते दहावीच्या मुलांचे गट करून प्रत्येक गटाला एक वस्तू द्यावी आणि पुढील प्रश्नांची उत्तरे शोधायला सांगावीत.

१. ही वस्तू स्थिर आहे, झुलते, थरथरते की झटके देते?
२. तिचा भार जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने जातो? वाटेतला प्रत्येक सांधा चित्रात दाखवा.
३. त्यांतला कोणता सांधा केवळ घर्षणावर किंवा चिकटण्यावर अवलंबून आहे?
४. एक सांधा निसटला तर वस्तूला अडवणारे दुसरे काही आहे का?
५. हा सांधा शेवटचा कधी आणि कोणी तपासला?

आमच्या शाळेत हा उपक्रम झाला तेव्हा चार प्रश्नांची उत्तरे मुलांनी उत्साहाने लिहून आणली. पाचव्या प्रश्नापुढची जागा मात्र जवळजवळ सर्वच गटांनी कोरी ठेवली होती, कारण त्याचे उत्तर आम्हा शिक्षकांनाही देता आले नाही. त्याच आठवड्यात आम्ही शिडी आणि पाना घेऊन शाळेतली प्रत्येक टांगलेली वस्तू तपासली. झोक्याची एक कडी निम्म्याहून अधिक झिजलेली निघाली. ती बदलली. जुनी कडी आणि बाईंचा तो हुक आता प्रयोगशाळेच्या कपाटात शेजारी शेजारी ठेवले आहेत.